मुठीवरचे सात हात

चि. संघमित्रा हिस,

घोडपदेवहून जयवंतकाकाचा सप्रेम जय भीम. आम्ही इकडे ठीक. तुझ्या अंगठ्याखालचा फोड बसला का? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? चिंचपोकळी इथून चालत पंधरा मिनिटं, तरी पत्र लिहितोय, कारण तू माझा फोन उचलत नाहीस (बरोबरच आहे म्हणा).

पोरी, चुकलो मी. तीस वर्षं लोकांच्या कपाटांना पॉलिश मारतोय, खडबडीत लाकूड दिसलं की हात शिवशिवतात. निवड चाचणीच्या आठवडाभर आधी तू तुझ्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ घेऊन आलीस, स्क्रू सैल झाला म्हणून. स्क्रूचं काम दोन मिनिटांचं. पण मूठ बघतो तर काय, सगळीकडे खवलेच खवले! छोट्या हाताला झेपावं म्हणून घेतलेलं ते एवढंसं पिस्तूल, आणि त्याला ही किसणी? म्हटलं, पोरीला जरा आराम पडू दे. काचपेपर घासला, वर लाखेचे सात हात दिले (सात! एका साहेबाच्या टेबलाला मी पाचात उरकलंय). अशी चकाकली की तिच्यात बघून दाढी करावी. ललिताकाकू म्हणाली, तिला विचारलंत का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. आणि ते सरप्राइज मी शहाण्याने चाचणीच्या सकाळी तुझ्या हातात ठेवलं. तू ती तशीच पिस्तुलाला बसवलीस. बदलायला वेळच कुठे होता!

मी गॅलरीत, काकूशेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून. हात कोरडा होता तोवर तुझं छान चाललं होतं. मग घाम आला, मूठ तळव्यात फिरली, तुझा छर्रा शेजारच्या मुलीच्या निशाणावर गेला, आणि तिच्या पडद्यावर दहा उमटले. कुठला पडदा कुणाचा, मला काय कप्पाळ कळतंय? मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकटाच. (त्या मुलीच्या आईने माझ्याकडे फार मायेने पाहिलं.) तुला शून्य. तुझ्या नेमबाजीच्या सरांना तू सांगितलंस, हाताला घाम आला. माझं नावसुद्धा काढलं नाहीस. अगं, चार लोकांत मला झापलं असतंस तर रात्री जेवण तरी गेलं असतं. तू मूठ काढून काकूच्या हातात दिलीस आणि जिना उतरलीस. दुसरी आणि शेवटची चाचणी येत्या रविवारी आहे, हे मला वहिनींकडून कळलं.

तुझा शरमिंदा काका,
जयवंत

ता. क. पॉलिश सगळं खरवडलंय. तिकोनी कानशीने परत खाचा पाडल्यात, पण त्या तुझ्या बोटांखाली येतात का, हे तुझ्या हाताशिवाय कळायचं नाही. काकूसोबत डब्यात लाकडाच्या भेगा भरायची लांबी पाठवतोय. ओली आहे तोवर मुठीत आवळून परत दे. माझ्यावरचा राग काढ, माप चांगलं येईल. (डबाही परत दे, काकूचा आहे.)

आणखी ता. क. काकू म्हणते, खरं लिहा. तर खरं हे, की स्क्रू आवळताना तू बोलली होतीस, काका, ती टोचलीच पाहिजे, टोचली तरच हातात राहते. मी ऐकलं होतं. पण मला वाटायचं, तिथे कुणीतरी विचारावं हे पॉलिश कुणाचं, आणि तू म्हणावंस, माझ्या काकाचं.

शेवटचं. रविवारी मी येऊ का गं? गॅलरीत नाही, बाहेर फाटकापाशी उभा राहीन. दोन्ही हात खिशात ठेवीन.