म्हातारीची कवळी

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

आधी बस, मग वाच. काळजीचं काही नाही. गुडघे जागेवर आहेत. चालतात असं म्हणणार नाही. लॅबमध्ये आठवड्यातले तीन दिवस जाते. कवळ्या करायला माझे हात अजून लागतात म्हणे.

म्हातारी सापडली.

लॅबमागच्या गल्लीत जुन्या वाद्यांचं दुकान निघालंय. काचेतून लाल इलेक्ट्रिक गिटार दिसली. स्वस्तातली, तशा हजारो असतील. पण मानेच्या टोकाला, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी गुलाबी होती. हिरडीसारखी. मूळची तुटली तेव्हा मी एका बिघडलेल्या कवळीतून कापून दिली होती आणि तू म्हणालास, "हिला कवळी बसली. आता ही म्हातारी."

दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी बघताय, काकू?"

"माझ्यासाठी."

"मग जरा बरी दाखवतो. हिला कुणीतरी भलतंच काहीतरी लावलंय."

"भलतं नाही, मापाने कापलंय. फक्त तिसरी खाच वाकडी गेली."

त्याने तिसरी तार छेडली. खरखरली. मग त्याने गिटार माझ्या हातात दिली.

घरी आणून मांडीवर घेतली. आप्पांची बोलणी खात, अभ्यास सोडून तू घोटायचास ते चार सूर बोटांनी आपोआप वाजवले. ताईला हे कुठून येतं, असं तुला वाटेल. तू क्लासला गेलास की मी वाजवायचे. विजेला न जोडता, हळू. रोज. आप्पा पलीकडे झोपलेले असायचे. निदान मला तसं वाटायचं.

नोकरीवर जाताना तू ती नेणार होतास. मी ती लॅबच्या माळ्यावर प्लास्टरच्या पोत्यांमागे ठेवली. चार दिवसांसाठी. तू राहावास म्हणून, की ती राहावी म्हणून? तेव्हाही कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मालकांनी माळा साफ करून सगळं भंगारात दिलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू आप्पांना विचारलंस, "तुम्हीच फेकलीत ना?" त्यांनी पेपर खाली ठेवला, तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो." मी कपड्यांच्या घड्या घालत होते. घालत राहिले.

नंतर ना त्यांनी विषय काढला, ना मी. ते गेले तेव्हाही तू आला नाहीस. रजा मिळाली नसेल, असं मी लोकांना सांगितलं.

त्यांनी मला वाचवलं की शिक्षा दिली? कधी हे वाटतं, कधी ते. एकाच दिवसात दोन्ही वाटतं. त्यांना तुझा राग परवडला आणि माझा खोटेपणा उघडा पडणं परवडलं नाही, असं असेल का? तुला काही सुचलं तर कळव. माझं डोकं चालत नाही.

गिटार पाठवायला खोका आणलाय. दोनदा भरली, दोनदा बाहेर काढली. तुझीच आहे, वाद नाही. पण पोस्टाने नको. येऊन ने. तिसरी खाच घासून सरळ करायला मला पाच मिनिटं लागतील. केली नाही. तुला ती त्या खरखरीवरूनच ओळखू येईल.

आप्पांनी फेकली नव्हती. एवढं एक वाक्य लिहायचं होतं.

घड्या घालत राहिलेली,
ताई