वेगळी उघडायची फाईल

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना कमी चढ, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू ऐकणार नाहीस, दोन्ही मला ठाऊक आहे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं. इतकं स्वच्छ दिसायला लागलं की घरातली जळमटं बघून मीच ओरडलो. ही म्हणाली, "दिसली ना एकदाची? मग काढा आता." काढली.

तुझा बारक्या बरा आहे. म्हणजे दोन घास खातो. एवढा ताडमाड झाला तरी आपण त्याला बारक्याच म्हणतो, आणि माझ्यामुळे आमच्या हॉस्पिटलातही त्याला तेच नाव पडलं. वॉर्डातल्या पोरांना त्याची भारी गंमत वाटायची. हा कसला बारक्या, म्हणून ती त्याच्या उंचीला हात पुरवायला उड्या मारायची.

फोनवर तू त्याची चौकशी करतेस आणि मी "मजेत" म्हणून मोकळा होतो. ताई, तो बरेच दिवस कामावर गेलेला नाही. आम्हा दोघांनाही घरी बसवलंय. फोनवर हे सांगायला गेलो की तोंड उघडत नाही, म्हणून लिहायला बसलो. कुरिअरने पाठवतोय, उद्या-परवा हातात पडेल. शेजारच्या वहिनींना बोलावून घे आणि मग पुढचं वाच.

आमची तळघरातली औषधांची खोली तू पाहिली आहेस. तिथे आम्ही मामा-भाचे लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डासाठी सलाईनमधून द्यायची औषधं तयार करतो. त्यासाठी एक्सेलच्या दोन फाइली आहेत. एक साठ्याची. ती एवढी अवजड झालीय की एक आकडा बदलला की कॉम्प्युटर बसून राहतो. म्हणून तिच्यात आपोआप हिशेब होणं बंद करून ठेवलंय, बटण दाबलं तरच ती हलते. दुसरी डोसची फाईल. तिच्यात मुलाचं वजन घातलं की औषध किती घ्यायचं ते आपसूक बदलतं आणि तसं लेबल छापून निघतं.

गोम अशी आहे की साठ्याची फाईल आधी उघडी असेल आणि डोसची फाईल नेहमीसारखी तिच्याच जोडीला उघडली, तर पहिलीची सवय दुसरीला लागते. तीही हिशेब करायची थांबते. वजन नवीन दिसतं, नाव नवीन दिसतं, डोस मात्र आधीच्याच मुलाचा राहतो. खाली कोपऱ्यात 'कॅल्क्युलेट' असा एक बारीकसा शब्द येतो, हिशेब राहिलाय म्हणून, तेवढाच. म्हणून एक्सेल पुन्हा नव्याने, अगदी वेगळं सुरू करायचं आणि डोसची फाईल त्याच्यात उघडायची. दोन्ही शेजारी शेजारी चालतात, पण एकीचा दुसरीला पत्ता नसतो. ही पद्धत माझी. वर्षानुवर्षं माझ्या हाताला तिची सवय होती, आणि ती कुठे लिहून भिंतीवर लावावी असं ना मला सुचलं ना वरच्यांना.

माझ्या ऑपरेशनच्या रजेत बारक्या एकटा होता. मी बदली माणूस मागितला होता, मिळाला नाही. एका सकाळी साठा मोजता मोजता वॉर्डातून घाईचा निरोप आला आणि त्याने डोसची फाईल तशीच उघडली. आधीचं लेबल एका थोराड मुलाचं होतं. हे औषध एका पाच वर्षांच्या मुलीचं होतं. नर्सने लेबल स्क्रीनशी ताडून पाहिलं, तर तिथेही तोच आकडा. ते सलाईन चढवलं गेलं. पोर त्याच आठवड्यात गेली, ताई.

तीही उड्या मारणाऱ्यांतलीच.

फाईल बंद करताना सेव्ह केली तेव्हा हिशेब होऊन आकडा बरोबर झाला होता. त्यामुळे चौकशीला आलेल्यांना फाईलमध्ये काहीच सापडेना. असं कसं झालं ते बारक्यानेच त्यांना करून दाखवलं. गप्प बसला असता तर कदाचित कुणालाच कळलं नसतं. तुझाच मुलगा तो, गप्प कसा बसेल?

मग प्रश्न एकच उरला. त्याला ही पद्धत सांगितली होती की नव्हती? आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं. मी म्हणालो, "नव्हती सांगितली. माझ्याकडूनच राहून गेलं." माझी नोकरी संपत आलीय, माझं काय जाणार होतं? त्याचं मात्र लायसन गेलं असतं, सगळा जन्म पुढे पडलाय. तिकडच्या खोलीत त्याने सांगितलं, "मामाने सांगितलं होतं. मी विसरलो."

चौकशीच्या मुख्य बाईंनी दोन्ही जबाब समोर ठेवले आणि म्हणाल्या, "मामा-भाचे ठरवून आलात वाटतं?"

"ठरवून आलो असतो तर एकच सांगितलं असतं, मॅडम," बारक्या म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यांच्या मते मी खरं बोलतोय आणि पोरगा मामाला पाठीशी घालतोय.

खरं उलटं आहे. मी त्याला सांगितलं होतं.

घरी आल्यावर त्याने पहिलं तेच विचारलं. "मामा, आता इथे कुणी नाही. सांगितलं होतंस ना?" मी नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर हा उठून पुन्हा त्या बाईंकडे गेला असता. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, "तू ऑल्टचं बटण दाबून धरलं होतंस. म्हणालास, बोट सोडू नकोस, नवीन सुरू करू का विचारेल, हो म्हण. मी म्हणालो, मामा, हे म्हणजे दोन बायका सांभाळण्यासारखंच की. तू मला टपली मारलीस." मी म्हणालो, "नाही रे, तुला भास होतोय." ती टपली माझ्या हाताला अजून जाणवते, ताई, आणि मी त्याला भास म्हणालो.

तेव्हापासून त्याचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. गॅस बंद केला का, म्हणून पुन्हा पुन्हा उठतो. जेवण झाल्यावर हिला विचारतो, "मामी, मी जेवलो का गं?" ही तोंड फिरवून भांडी घासत बसते. परवा तो आंघोळीला गेला आणि कपड्यांसकट ओला होऊन बाहेर आला. मी विचारलं तर म्हणाला, "कपडे काढले होते असं वाटलं."

आणि त्या मुलीची आई. हॉस्पिटलच्या जिन्यात तिने मला गाठलं. मला वाटलं, शिव्या देईल. मनातून तेच बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना वाचवताय, असं मला सांगतात. मला भांडायचं नाही हो. माझ्या मुलीचं काय झालं, तेवढं कुणीतरी सरळ सांगा." माझ्याने तिच्याकडे बघवलं नाही.

काल मी बारक्याला सांगून टाकलं. म्हणालो, "सांगितलं होतं. टपलीसुद्धा मारली होती." तो मग म्हणाला, "म्हणजे मी वेडा नाही." आणि खाली फरशीवर बसून असा रडला, ताई, की भाऊजी गेले तेव्हाही तो तसा रडला नव्हता. मी त्याला सावरायला गेलो तर त्याने माझा हात बाजूला केला.

सोमवारी शेवटची सुनावणी आहे. या वेळी सगळे एकाच खोलीत असतील, त्या मुलीचे आईवडीलही. मी जबाब बदलणार आहे. ती पद्धत फक्त माझ्या तोंडी होती, बदली माणूस मागूनही दिला नाही, पोरावर दोघांचं काम पडलं होतं, हे सगळं मी सांगेन. पण त्याला माहीत होतं, हेही सांगेन. त्याचं लायसन जाईल. पुढे कोर्टातही जावं लागेल. तू विश्वासाने माझ्या ओटीत घातलेल्या मुलाविरुद्ध तुझा सख्खा भाऊ बोलणार आहे. ते दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायला नको होतं.

मला माफ कर असं म्हणत नाही. रागाव, बोलू नकोस, पण सोमवारच्या आत ये. खोलीत खुर्च्या समोरासमोर लावतात. माझ्या बाजूला बसू नकोस. त्याच्या शेजारी बस आणि त्याचा हात धर. माझा हात तो धरू देत नाही.

वहिनींना बोलावलं नसशीलच, एकटीनेच वाचलं असशील. उठताना भिंत धरून ऊठ.

तुझं लेकरू ज्याला सांभाळता आलं नाही,
तो तुझा धाकटा