ग्रामसभेत गिळलेला शब्द

शुक्रवार, दिवेलागणीले

आज ग्रामसभेत बोलली मी! माह्या तोंडाले "म्हंजे कसं"ची खोड. मागच्या खेपेले त्यावरच सारे हासले अन् आमच्या गल्लीच्या नळाचं राहूनच गेलं. म्हणून नात पिंकीनं कापूस वेचता वेचता शिकवलं, "आजी, तो शब्द आला का तोंड मिटजो."

आज इचारलं, "आमच्या नळाले पाणी काऊन येत नाई?" अन् आलाच मेला जिभेवर! गपकन तोंड मिटलं, सरपंचाकडं पाह्यत उभी.

सरपंच घाबरला. "काकू, रागावू नका, उद्याच माणूस पाठवतो."

मी कुठं रागावली? मी त शब्द गिळून राह्यली होती!

बाहेर शेजारीण शांता म्हणे, "बाई, पुढच्या खेपेले रस्त्यासाठी बी तूच उभी राह्यजो. अन् अशीच चूप बसजो!"