दिव्यांचा कॉम्प्युटर

मंगळवार, संध्याकाळ

दुकानातून आल्यापासून तन्वी माझ्याशी बोललेली नाही. साठ हजारांत गेमिंगचा तयार कॉम्प्युटर घ्यायचा, असं आम्हा मायलेकींचं ठरलं होतं. तिला पहिलाच आवडला, काचेचा, आत निळे-जांभळे दिवे लागणारा. मी महिनाभर वाचत होते, म्हणून विचारलं, "पॉवर सप्लाय कोणत्या कंपनीचा?"

दुकानदार हसला. "काकू, खेळणार कोण, तुम्ही की ताई?"

मी खोलून दाखवायला लावलं. सप्लायच्या डब्यावर कंपनीचं नावच नव्हतं. असला सप्लाय गेला की बाकीचंही जाळतो. मी काही न घेताच तिला उठवलं.

येताना रिक्षा द्वारका चौकात अडकली तेव्हा ती म्हणाली, "बाबा असते तर घेतला असता."

खरंच घेतला असता. यांनी कधी काही उघडून बघितलं नाही. दिवे बघून तिच्याइतकेच खूश झाले असते, आणि पुढे जळला की मी त्यांना बोलले असते. आता घेणारी मीच आणि बोलणारीही मीच. तो बिननावाचा डबा डोळ्यांसमोरून हलत नाही. माझं बरोबरच होतं. मग चैन का पडत नाही?

उद्या दिवे नसलेला बघायला जाऊ म्हणते. ती येईल. पण यांच्याबरोबर गेली असती तशी उड्या मारत नाही येणार.