काझीमास्तरांची तांबडी शाई

९ फेब्रुवारी १९४८, हिंगोली

जुगराफियात पन्नासपैकी अकरा. काझीमास्तर वर्गासमोर म्हणाले, "नक्शा अव्वल, लिखाई सिफर." पोरं हसली.
भूगोल येतो मला. उर्दू येत न्हाई, त्याला काय करू? नद्या, वारे, पिकं सगळं डोक्यात मराठीत आहे आणि पेपर उर्दूत. नववीत एकदा नापास झालोच आहे. यंदा झालो तर शाळेतून नाव कटणार. आबांनी गावाहून लिहिलंय, "मग सरळ बापासंगं नांगर धर."

१३ फेब्रु., शुक्रवार

शाळेला सुट्टी. काझीमास्तरांनी घरी बोलावलं होतं. भीत भीत गेलो.
म्हणाले, "बारिश काहून पडती, पहले मराठी में बोल." बोललो. मग एकेक वाक्य उर्दूत करून घेतलं, चुकलं तिथं तांबड्या शाईनं नीट करून दिलं. दोन तास. पडद्याआडून चहा आला, प्यालो. मावशीला सांगितलं न्हाई. तिच्या घरी राहतो, उगं घरात शिवाशिव नको.

२४ फेब्रु.

बाजारात गणपत भेटला. दादाचा दोस्त. दिवाळीपासून दादा पैनगंगेपलीकडं, सरहद्दीपार वऱ्हाडात आहे, त्याचा निरोप घेऊन आला. आमच्या गावाभोवती सरकारच्या पाठबळावर हत्यारवाले फिरून राहिले. बायालेकरं नदीपार न्यायचं ठरलंय. आई आन् धाकटी बहीण शांतीही.
"नकाशा काढून दे. वाटा, नाके, नदी पायी ओलांडायचे उतार. दादाला इकडं येता येत न्हाई, आन् आमच्यातल्या बाकी कुणाला ती नदी ठावी न्हाई. तुझे नकाशे चांगले असतात, दादा म्हणतो."
पुढच्या मंगळवारी येतो म्हणाला.
ही वही आता मावशीच्या ज्वारीच्या कणगीत ठेवायची.

२८ फेब्रु.

काढला. दुसरा चांगला कागद न्हाई म्हणून जुगराफियाच्या वहीतच, पाठीमागच्या कोऱ्या पानावर. वडाच्या उतारावर पहाऱ्याचं नाकं. तिथून कोसभर खाली दगडी उतार, मोकळा. दिवाळीत गावी गेलो तेव्हा असंच होतं. दगडी उतारावरनं आईला न्यायचं. पाणी गुडघ्याएवढं असेल आता.
इतका चांगला नकाशा मी कधी काढला नव्हता. मंगळवारी सकाळी पान फाडीन.

१ मार्च, सोमवार

घात झाला. काझीमास्तरांनी न सांगता सगळ्यांच्या वह्या गोळा केल्या. मी वही दाबून धरली तर म्हणाले, "छोड." सोडली.
पान तिथंच आहे. त्यावर नाके, उतार सगळं माझ्या अक्षरात.
जेवण गेलं न्हाई. मावशी म्हणते, "काहून रे, अंगात कसकस हाय का?" व्हय म्हणालो.

२ मार्च

मास्तर शाळेत आले न्हाईत. वही घेऊन पोलीस कचेरीत गेले असतील का? गणपतला आठ दिवसांची मुदत मागितली. खरं सांगितलं न्हाई. तो चिडला, "तुझी आई हाय तिथं, ध्यानात ठेव."

४ मार्च

आजही न्हाई. शाळेच्या फाटकाशी शिपाई बघितला आन् भिंतीआड झालो. तो दुसऱ्याच कामाला आला होता. पळून जावं म्हणतो, पण मी गेलो तर आबांना धरतील.

८ मार्च

मास्तर आले. वह्या वाटल्या. माझी हातात देताना म्हणाले, "नक्शे में गलती नक्को करो, बेटा. घर जाके देखना." बाकी काही न्हाई.
घरी आलो, दार लावून उघडली. पान जागच्या जागी. वडाच्या उतारावर मी लिहिलेलं 'नाकं' तांबड्या शाईनं खोडलेलं. दगडी उतारावर तांबडी फुली आन् उर्दूत एकच शब्द, 'चौकी'.
मास्तरांची सासुरवाड तिकडचीच. इतके दिवस तिकडं होते का? का कुणाला विचारून आले? मला शिकवलं त्या माणसानं. पण सापडलं तर स्वतःच अडकेल असं, तांबड्या शाईनं आपल्याच हातानं, कुणी कशाला लिहील? आईला वडाच्या उताराकडं वळवून तिथं आधीच माणसं उभी करायची असतील तर?

९ मार्च

सकाळी जुगराफियाचा पेपर, दुपारी गणपत.
मास्तरांचं खरं मानायचं का, ते पेपर सुरू होईस्तोवर ठरलं नव्हतं. मान्सून वाऱ्यांवर सवाल होता, अर्धा लिहिला आन् हात थांबला. मास्तर पहाऱ्यावर होते. बाकाजवळ येऊन हळूच म्हणाले, "लिख." लिहिलं.
घरी येऊन नकाशा दुसऱ्या कागदावर उतरवला, मास्तरांनी दाखवला तसाच. दगडी उतारावर चौकी, वडाचा मोकळा. जुनं पान चुलीत घातलं.
गणपतनं विचारलं, "बराबर हाय ना?"
व्हय म्हणालो.

१७ मार्च

खबर न्हाई. गावाकडचं टपाल बंद. मावशी पोथी वाचते, मला एक अक्षर ऐकू येत न्हाई.

३ एप्रिल

गणपत बाजारात येत न्हाई. नदीकडून आलेला एक गाडीवान म्हणाला, उतारावर गोळ्या चालल्या. कोणत्या उतारावर? त्याला ठावं न्हाई. दोनदा विचारलं तर संशयानं बघाय लागला.
मीच दिला नकाशा. दुसरं कुणी न्हाई.

२८ एप्रिल

निकाल. जुगराफियात पास, पन्नासपैकी एकोणतीस.
सगळे गेल्यावर मास्तरांनी थांबवून घेतलं. विचारलं, "घर की खबर?"
"न्हाई."
ते खिडकीकडं वळले. म्हणाले, "मैं जो सुना, वोच लिखा. आँखों से नहीं देखा था." मी तसाच निघालो, सलाम करायचाही राहिला.

२९ एप्रिल

मावशी नको म्हणून रडली. तरी उद्या पायी गावाकडं निघतो. आबा घरी असतील तर आधी आबा. नसतील तर नदी.
वडाचा उतार का दगडी, पहिल्यांदा कुठं बघावं, तेवढं ठरत न्हाई.