विहिरीतली जड हवा

चैत्र वद्य ४, शके १८०५. कल्याण.

—अंगण झाडलं, सडा घातला, गाईला आंबोण दिलं, चूल पेटवली. रोजच्यासारखीच सकाळ. चार दिवस बाजूला बसून त्याच दिवशी नाहून घरात आले होते, म्हणून कामाला हुरूप होता. खाडीच्या भरतीनं पुढच्या विहिरीचं पाणी मचूळ झालेलं. परसातल्या जुन्या विहिरीवरच्या फळ्या सरकवल्या आणि कळशी सोडली. ती दोरातून निसटली. हे शाळेत निघाले होते, मुलं शिकवायला. "थांब, काढून देतो," म्हणाले. अंगरखा माझ्या हातात दिला आणि उतरले. खालून एकदाच खोकले.

हे गेल्याला सहा वर्षं झाली. आज धाकटे दीर, गुणाजीभावोजी, म्हणाले की ती विहीर उपसून पुन्हा वापरायची. म्हणून लिहिते. बोलू कुणाशी?

चैत्र वद्य ५.

सासूबाईंनी तेव्हाच बोटं मोजली होती. मी पंचमीला बसले, अष्टमीला नाहिले. चार दिवस भरले असं धरलं. पण त्या पंधरवड्यात सप्तमीचा क्षय होता! म्हणजे तिसराच दिवस. विटाळाचा हात विहिरीला लागला आणि पाण्यातल्या देवी, आसरा, कोपल्या. "पंचांग विचारलं असतंस तर माझा मुलगा असता," एवढंच म्हणाल्या. मीही बोटांवर मोजून पाहिलं होतं. तीनच येतात.

चैत्र वद्य ७.

तळ्यावरून पाण्याच्या चार खेपा. वाचन नाही.

चैत्र वद्य ९.

अक्षरं मी हे गेल्यावर शिकले. पाठ असलेल्या आरतीवर बोट ठेवून एकेक ओळखलं. आता यांची शाळेची पुस्तकं वाचते. सध्या पदार्थविज्ञानाचं. हवा दिसत नाही, तरी ती जागा अडवते, तिला वजन असतं, असं लिहिलंय. खरं वाटेना. फुलपात्राच्या बुडाशी कापूस चिकटवला, पालथं घालून घंगाळातल्या पाण्यात सरळ दाबलं. वर काढलं—कापूस कोरडा!

तुळसा, भावोजींची बायको, बघत होती. म्हणाली, "म्हणजे जाऊबाई, भांडं रिकामं नव्हतंच." माझ्याआधी तिला कळलं. वर म्हणते, वजन असेल तर पारनाक्यावर हवा विकायला बसू दोघी. किती दिवसांनी हसले. मग सासूबाई आल्या.

चैत्र वद्य १२.

आज ते पान आलं. हवेच्या जाती निरनिराळ्या. त्यातली एक साध्या हवेहून जड. जुन्या, झाकलेल्या विहिरीत ती पाण्यासारखी तळाला साचते. तिच्यात दिवा जळत नाही, माणूस जगत नाही. उतरण्याआधी दोरीनं दिवा सोडावा. विझला तर उतरू नये.

दोनदा वाचलं. भात करपला.

जड हवेला तिसरा दिवस काय नि चौथा काय! ती पंचांग बघत नाही.

पण रडू आलं ते सुटल्याचं नव्हे. पानाच्या कडेला यांची शिसपेन्सिलीची रेघ आहे. मुलांना विचारायच्या धड्यांना करायचे तशी. म्हणजे यांना माहीत होतं. मुलांना सांगून झालं होतं! शाळेची वेळ होत आलेली, कळशी माझ्या माहेरची, मी तोंड पाडून उभी. देवापुढे दिवा जळत होता, दहा पावलांवर. तो आणायचं यांना सुचलं नाही, आणि मला ठाऊक नव्हतं.

आसरांवर रागावता येत होतं. स्वतःवर तर येतच होतं. घाईवर कसं रागवायचं?

वैशाख शुद्ध १.

ठरलं. अक्षय्य तृतीयेला भावोजी उतरणार. रेल्वेतून एक दिवसाची रजा काढली आहे. तुळसा आसरांची ओटी भरेल. मी तिथे असायचं नाही.

तुळसाला पुस्तकातलं सांगितलं. तिनं त्यांना सांगितलं. ते हसले. "वहिनी, रुळांचे सांधे बदलायला मी रोज इंजिनाच्या पुढ्यात उभा राहतो. हवेला भिऊ?"

एकच दीर आहे घरात.

वैशाख शुद्ध २.

भावोजींनी धोंडा बांधून दोर सोडला. विहीर पाच पुरुष, पाणी चौथ्याच्या खाली. खोली मोजायची ती माणसांनी, एकाच्या डोक्यावर दुसरा उभा करून. आमच्या घरचा एक त्या मापात गेलाच आहे.

संध्याकाळी धीर केला. सासूबाईंना म्हटलं, आधी दिवा सोडू द्या. यांच्या पुस्तकात आहे. पान पुढे धरलं. त्यांना वाचता येत नाही. तरी त्या रेघेवरून बोट फिरवलं त्यांनी.

मग म्हणाल्या, "उद्या तिकडे फिरकायचं नाहीस. एकदा फिरकलीस ते पुरे झालं."

वैशाख शुद्ध ३.

सकाळी तुळसा ओटी भरत असताना विहिरीवर गेले. भावोजींचा कंदील पेटवला, दोरीला बांधला, खाली सोडला. मला कुणी अडवलं नाही. तिसऱ्या पुरुषाला विझला. वर काढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. तिथेच विझला.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे दे." त्यांनी स्वतः सोडला. विझला. भावोजी काठावरून मागे सरले.

सासूबाई दोर हातात घेऊन तिथेच खाली बसल्या. मी त्यांना धरून घरात आणलं.