माझ्या नावाखालची यादी

सर,

सातवीत, सिरसाळ्याच्या शाळेत, तुमची सही असलेल्या प्रगतिपत्रकावर मी गणिताच्या १३ चे ९३ केले होते. "सही माझी आन् आकडा तुझा? कावून?" असं विचारत तुम्ही लाकडी पट्टी मोडेपर्यंत माझ्या बोटांवर हाणलंत. हात आठवडाभर सुजला होता. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी वडवणीत अकरावीला शिकवते. नोट्स, याद्या, सगळं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मुलांच्या मोबाइलवर जातं. एरवी मी पीडीएफ पाठवते, ती सहसा कुणी बदलत नाही. पण प्रकल्पाच्या जोड्यांची यादी वर्डमध्ये टाकली, मुलांनी आपापला विषय त्यातच लिहावा म्हणून. कुणीतरी एका मुलीच्या नावापुढं घाण ओळ लिहिली. खाली माझं नाव तसंच. दोन दिवसांत यादी गावभर फिरली.

तिसऱ्या दिवशी मी फळ्याजवळ उभी आहे आणि तिचा चुलता वर्गात घुसतो, हातात कुऱ्हाडीचा दांडा, मागं तिचा भाऊ. "मॅडम, ह्ये तुमच्याच नावानं हाय. कुनी टाकलं?" आणि दोघं ग्रुप सांभाळणाऱ्या मुलावर तुटून पडतात. त्यानं डोकं वाचवायला हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मधे पडले, पुढचा दणका माझ्या खांद्यावर बसला. बाकं उलटली, फरशीवर रक्त सांडलं. मुलगी किंचाळली, "काका, त्यानं न्हाई केलं! सोडा त्याला!" चुलत्यानं तिच्याही थोबाडीत मारली. मग बाकीचे शिक्षक धावले.

मूळ यादी मी पोलिसांना दाखवली. त्यांच्या तपासात ओळ लिहिणारा वर्गातलाच दुसरा मुलगा निघाला. ज्याला मारलं त्याच्या मनगटात सळई बसवली. मुलीला दहा दिवस घरात कोंडलं. अकराव्या दिवशी ती आली आणि थेट पहिल्या बाकावर बसली.

मॅडम मधे पडल्या म्हणून पोरगं वाचलं, असं सगळे म्हणतात. त्याची आई माझ्या पाया पडली. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. चुलत्यानं "कुनी टाकलं" विचारलं तेव्हा भीतीनं माझी नजर त्या मुलाकडं गेली होती. चुलता ती नजर बघूनच तिकडं वळला.